जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा गळका हायड्रॉलिक सिलिंडर: दुरुस्त करायचा की बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेल सिलिंडरमधूनच गळतंय, हे खात्रीने कसं ओळखायचं?

आधी धुऊन काढा. जुन्या ट्रॅक्टरवर तेल आणि धूळ मिळून जो काळा थर जमतो, त्यातून गळतीचा उगम सापडत नाही. डिझेलने किंवा डिग्रीझरने सिलिंडर, पाइपचे जोड आणि आजूबाजूची जागा साफ करा, कापडाने कोरडी करा, वाटल्यास टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा-पंधरा मिनिटं काम करा. पावडर सगळ्यात आधी जिथे ओली होते, तिथून तेल येतंय.

ही खटपट करायचं कारण साधं आहे. तेल नेहमी खाली वाहतं आणि थेंब धरतो तो सगळ्यात खालच्या टोकाला. वरच्या पाइपचा जोड सैल असला, तरी थेंब ग्लँडच्या (रॉड म्हणजे आत-बाहेर होणारा दांडा जिथून बाहेर येतो, त्या झाकणाच्या) तोंडावर लटकलेला दिसतो. चांगला सिलिंडर उघडून बसल्यावर दोष वरच्या नटात होता असं कळणं, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. पाइपचा जोड, पोर्टजवळचं (तेल आत-बाहेर जाण्याच्या तोंडाजवळचं) वेल्डिंग आणि ग्लँड ही तीन ठिकाणं वेगवेगळी बघा.

रॉड नेहमी थोडा ओलसर दिसतो. ही गळती समजायची का?

नाही. रॉडवर तेलाचा पातळ थर राहायलाच हवा, सीलला वंगण त्यातूनच मिळतं. बोट फिरवल्यावर तेलकट लागलं तर ठीक आहे. रॉड आत जाताना ग्लँडच्या तोंडाशी तेलाचं कडं जमू लागलं किंवा थेंब टपकू लागला, की सील गेलं असं समजा. धुळीत काम असेल तर त्या ओल्या कड्याला माती चिकटते आणि ती वायपर सीलखालून (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या सगळ्यात बाहेरच्या सीलखालून) आत शिरते. म्हणून छोटी गळती फार दिवस तशीच ठेवू नका. आज सीलवर भागणारं काम उद्या रॉडवर जाईल.

बाहेर एक थेंब नाही, तरी उचललेला लोडर (ट्रॅक्टरच्या पुढचे आर्म आणि बकेट) हळूहळू खाली येतो. पिस्टनचं सील गेलं का?

बहुतेक जण हाच निष्कर्ष काढतात आणि सिलिंडर उघडून बसतात. माझं म्हणणं, जरा थांबा.

लिव्हर मध्यावर असताना सिलिंडरची दोन्ही तोंडं व्हॉल्व्हमध्ये बंद असतात. समजा पिस्टनचं सील पूर्ण निकामी झालं आणि तेल पिस्टनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊ लागलं. तरी लोडर खाली यायला रॉड आत शिरायला हवा, आणि आत शिरणारा रॉड जागा व्यापतो. तेवढं तेल सिलिंडरबाहेर पडल्याशिवाय रॉड आत जाऊ शकत नाही. तोंडं खरोखर घट्ट बंद असतील, तर लोडर किंचित बसतो आणि तिथेच थांबतो. तो सतत खाली येत असेल, तर तेल कुठून तरी टाकीकडे परत जातंय. बाहेर गळती दिसत नसेल, तर ती जागा बहुधा स्पूल व्हॉल्व्ह असते. जुन्या व्हॉल्व्हमध्ये स्पूल (लिव्हरने सरकणारा आतला दांडा) आणि त्याचं भोक दोन्ही झिजलेले असतात.

पिस्टनचं सील यात अजिबात दोषी नसतं असंही नाही. ते गेलं की भार पिस्टनच्या पूर्ण क्षेत्रफळाऐवजी फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर येतो. ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ३० मिमी रॉड असेल, तर आतला दाब साधारण पावणेतीन पट होतो. इतक्या दाबाला झिजलेला व्हॉल्व्ह जास्त तेल सोडतो. म्हणजे दोन्ही दोष असले की एकमेकांना हातभार लावतात.

बकेटच्या सिलिंडरची गोष्ट उलटी आहे. बहुतेक लोडरमध्ये बकेट ओतताना रॉड बाहेर येतो, म्हणजे बकेटमधला माल रॉडला बाहेर ओढत असतो. रॉड बाहेर येताना आत जागा वाढते, त्यामुळे गेलेल्या पिस्टन सीलमधून तेल पलीकडे सरकतं, मागे पोकळी तयार होते आणि बकेट खरोखरच झुकते. अशी बकेट ओतायला लिव्हर दाबलं, की क्षणभर काहीच होत नाही, कारण आधी ती पोकळी भरते. ही खूण दिसली तर सिलिंडरवर संशय घ्या.

थोडक्यात, आर्म खाली येत असतील तर आधी व्हॉल्व्ह, आणि भरलेली बकेट आपोआप झुकत असेल तर आधी सिलिंडर.

पिस्टनचं सील सिलिंडर न उघडता तपासता येतं का?

येतं. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि तपासायच्या सिलिंडरची एका बाजूची पिन काढून तो मोकळा करा. इंजिन सुरू करून रॉड पूर्ण बाहेर काढा. पुन्हा इंजिन बंद करून लिव्हर सगळ्या दिशांना हलवा, म्हणजे पाइपमधला दाब उतरेल. आता रॉडच्या बाजूचा पाइप सोडा, पाइपच्या तोंडाला योग्य प्लग लावा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली भांडं ठेवा. इंजिन मंद गतीवर ठेवून, रॉड बाहेर काढायच्या दिशेने लिव्हर काही सेकंद धरा. सुरुवातीला थोडं तेल येऊन थांबलं तर सील ठीक आहे. धार चालूच राहिली तर गेलं. हे करताना उघड्या पोर्टच्या समोर कोणी उभं राहू नये.

या चाचणीला एक मर्यादा आहे. पिस्टन फक्त एका टोकाला तपासला जातो. बॅरल (सिलिंडरची नळी) मध्येच फुगलेला किंवा चरे पडलेला असेल, तर टोकाला सगळं ठीक दिसतं आणि कामात मात्र ताकद कमी पडते.

मागची थ्री पॉइंट लिफ्ट इंजिन बंद केल्यावर खाली येते. तिथेही हेच नियम लागू होतात का?

नाही. बऱ्याच जुन्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये त्या लिफ्टचा सिलिंडर मागच्या हाउसिंगच्या आत असतो आणि तो एकाच बाजूने काम करतो: तेल वर उचलतं, खाली आणतं अवजाराचं वजन. त्याच्या पिस्टनची ओ-रिंग गेली तर तेल हाउसिंगमध्येच परत पडतं, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही. ओ-रिंगसोबत कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्हही तपासावा लागतो. जड अवजार लावून इंजिन बंद केल्यावर लिफ्ट बराच वेळ घेऊन थोडी बसली, तर जुन्या यंत्रात ते चालवून घ्यावं. इंजिन चालू असताना ती दर काही सेकंदांनी खाली बसून पुन्हा वर उडी मारत असेल, तर तेल आतल्या आत सुटतंय आणि दुरुस्ती लांबवू नये.

काम सुरू करण्याआधी सगळ्यात मोठा धोका कोणता?

दोन आहेत आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात.

पहिला, वर उचललेला लोडर. सिलिंडरचा पाइप सोडला की त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. आर्म जमिनीवर टेकवूनच काम करा. वर ठेवणं अगदी भागच असेल, तर लोखंडी आधाराने रॉड किंवा आर्म अडकवा. फक्त तेलाच्या भरवशावर उभ्या असलेल्या लोडरखाली कधीही जाऊ नका.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पाइपला सुईएवढं छिद्र पडलं, तर त्यातून सुटणारं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. आत मात्र पेशी मरू लागतात. असं झालं तर वाट न बघता थेट रुग्णालयात जा आणि ‘दाबाखालचं हायड्रॉलिक तेल कातडीत शिरलं आहे’ हे शब्द स्पष्ट सांगा. हे शस्त्रक्रियेचं काम आहे, उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

दुरुस्त करू की नवा आणू?

निर्णय सिलिंडर उघडल्यावर घ्या, आधी नाही. रॉड सरळ आणि गुळगुळीत, बॅरल आतून आरशासारखा, टोकांच्या डोळ्यांचं (पिनच्या भोकांचं) वेल्डिंग शाबूत, असं असेल तर सील बदलून तो सिलिंडर वर्षानुवर्षं चालेल. जुन्या सिलिंडरांचं लोखंड बहुतेकदा उत्तम असतं, ते उगाच टाकू नका.

बॅरलमध्ये नखाला अडेल असा लांब चर असेल, बॅरल फुगला असेल किंवा रॉड वाकून त्यावरचा क्रोमचा थरही गेला असेल, तर हिशेब बदलतो. एकच भाग खराब असेल तर लेथवर नवा करून घेणं परवडतं. दोन मोठे भाग गेले असतील तर नवा सिलिंडर शोधा. काही स्वस्त सिलिंडरांची दोन्ही टोकं वेल्ड केलेली असतात आणि ते उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. ते कापून, उघडून पुन्हा वेल्ड करण्याच्या फंदात पडू नये.

ग्लँड उघडत नाही. काय करावं?

तो कोणत्या पद्धतीने धरलेला आहे हे आधी ओळखा. जोर त्यानंतर लावा.

आट्यांचा ग्लँड असेल तर त्यावर पान्यासाठी खाचा किंवा भोकं असतात. त्याला हुक पाना किंवा पिन पानाच वापरा. छिन्नी लावून हातोडीने ठोकलं तर खाच तुटते आणि पुढच्या वेळी धरायला काहीच उरत नाही. गंज असेल तर भेदक तेल रात्रभर राहू द्या, मग बॅरलचं तोंड बाहेरून हलकं गरम करा. गरम करताना दोन्ही पोर्ट उघडे हवेत, बंद सिलिंडर तापवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

काही सिलिंडरमध्ये ग्लँड आत सरकवल्यावर मागे सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) दिसते. काहींमध्ये बॅरलच्या बाजूला एक लांबट फट असते आणि आत गोल तार असते. अशा ग्लँडला पान्याने फिरवलं की तारेचं टोक फटीतून बाहेर येतं आणि फिरवत राहिलं की पूर्ण तार निघते. हे माहीत नसलेले लोक आटे समजून तासन्‌तास झगडतात.

ग्लँड सुटल्यावर रॉड हाताने झटके देऊन बाहेर ओढा. कॉम्प्रेसरची हवा पोर्टमध्ये सोडून पिस्टन बाहेर काढण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडा. कोंडलेली हवा सुटली की रॉड गोळीसारखा येतो.

पिस्टनचा नट कसा सोडायचा?

रॉडच्या डोळ्यात पिन घालून ती व्हाइसमध्ये अडकवा, क्रोमवर व्हाइसचे जबडे कधीच लावू नका. तो नट फार घट्ट असतो, लांब दांडा लागेल. बसवताना नवा लॉकनट किंवा थ्रेड लॉकर वापरा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. हा नट आत सुटला तर रॉड पिस्टन मागे ठेवून बाहेर येतो.

सील किट मिळत नाही. मापं कशी घ्यायची?

जुन्या सीलवरून माप घेऊ नका. ते फुगलेलं, दबलेलं किंवा आकसलेलं असतं. व्हर्निअरने बॅरलचा आतला व्यास, रॉडचा व्यास आणि प्रत्येक खाचेची रुंदी व खोली मोजा. सीलच्या दुकानदाराला हीच मापं लागतात.

इंच आणि मिलिमीटर यांत गल्लत होते ती इथेच. ५० मिमी आणि २ इंच यांत फक्त ०.८ मिमीचा फरक आहे, पण सीलसाठी तो प्रचंड आहे. तसंच ३१.७५ मिमी आलं तर तो सव्वा इंची रॉड आहे, ३२ मिमीचा नाही. ओ-रिंगमध्येही जपानी आणि अमेरिकी मापांच्या मालिका वेगळ्या आहेत. जवळपासची बसवली तर ती आज धरेल आणि पहिल्या गरम दिवशी सोडेल.

साहित्याचं म्हणाल तर ओ-रिंगला नायट्राइल रबर आणि रॉडच्या यू-कप (यू आकाराच्या, ओठ असलेल्या) सीलला पॉलियुरेथेन ही नेहमीच्या खनिज तेलासाठी चांगली जोडी आहे. फार उष्ण जागेसाठी विटॉन रबर असतं. छोट्या ट्रॅक्टरला त्याची गरज क्वचितच पडते.

नवं सील बसवलं आणि पहिल्याच दिवशी गळायला लागलं. माझं काय चुकलं?

यू-कपची दिशा आधी तपासा. त्याच्या उघड्या ओठांचं तोंड दाबाकडे, म्हणजे तेलाकडे हवं. वायपरचा ओठ बाहेर, धुळीकडे. उलटं बसवलेलं सील हाताने ओढून पाहताना अगदी बरोबर वाटतं आणि दाब आला की मोकळं होतं. बॅकअप रिंग (ओ-रिंगला आधार देणारी कडक रिंग) ओ-रिंगच्या दाब नसलेल्या बाजूला असते, तिची जागा बदलली तर ओ-रिंग फटीत ढकलली जाऊन कुरतडली जाते.

दिशा बरोबर असेल तर सील बसवताना कापलं गेलं असण्याची शक्यता मोठी. पिस्टन आत ढकलताना सील पोर्टच्या भोकाच्या धारेवरून किंवा बॅरलच्या आट्यांवरून जातं. माझ्या हातून एक यू-कप असाच गेला होता. ढकलताना किंचित अडल्यासारखं वाटलं, मी जोर लावला आणि काम पुढे नेलं. पुन्हा उघडलं तेव्हा ओठावर अर्धचंद्रासारखी चकती कापलेली होती, अगदी पोर्टच्या गोलाईची. तेव्हापासून पोर्टची आतली धार बोटाने चाचपून, खरखरीत असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडून, मगच पुढे जातो. आट्यांवर पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावरून पिस्टन सरकवावा. अडलं तर मागे घ्या, जोर लावू नका.

पॉलियुरेथेनचं सील कडक असतं. ते थोडा वेळ गरम पाण्यात ठेवलं की मऊ होतं. ग्लँडमध्ये घालताना त्याला काजूच्या आकारात दुमडा, खाचेत सोडा आणि बोटाने गोल करा. स्क्रू ड्रायव्हरऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकची काडी वापरा. प्रत्येक सीलला सिस्टिममधलंच स्वच्छ तेल लावा. आणि हे काम झाडलेल्या टेबलावर, स्वच्छ कापड अंथरून करा. वाळूचा एक कण नव्या सीलला पुरतो.

रॉडवर ओरखडे आणि गंजाचे ठिपके आहेत. नुसतं सील बदलून चालेल?

नखाची चाचणी घ्या. नख फिरवल्यावर अडत नसेल तर तेल लावून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने रॉडभोवती, आडवं घासा. लांबीच्या दिशेने घासू नका, उभा ओरखडा तेलाला वाट करून देतो. नख अडत असेल आणि ती जागा ग्लँडमधून ये-जा करत असेल, तर नवं सील थोड्याच दिवसांत फाटेल. हार्ड क्रोमचा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच असतो, त्यामुळे खोल खड्डे घासून निघत नाहीत. रॉड पुन्हा क्रोम करून घ्या किंवा तयार क्रोम केलेल्या बारमधून नवा बनवा.

वाक तपासायला रॉड दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवा. गेज नसेल तर काचेवर किंवा सपाट पत्र्यावर लोळवा आणि खालून दिसणारा उजेड बघा.

नवा सिलिंडर घेताना काय जुळायला हवं?

रॉड पूर्ण आत असताना एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंतची लांबी, आणि पूर्ण बाहेर असतानाची लांबी. दोघांतला फरक म्हणजे स्ट्रोक. मग बोअर, रॉडचा व्यास, पिनचा व्यास, डोळ्याची रुंदी, पोर्टची जागा आणि पोर्टचे आटे. स्ट्रोक जास्त झाला तर लोडरची फ्रेम स्वतःवरच आदळते आणि आर्म वाकतात. आटे बीएसपी आहेत, मेट्रिक आहेत की जेआयसी (हे आट्यांचे वेगवेगळे प्रकार), हे ओळखीच्या नमुन्याशी ताडून बघा. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि एनपीटीचा (अमेरिकी पाइपच्या आट्याचा) ६० असतो, तरी पहिले दोन-तीन आटे एकमेकांत बसतात आणि फसवतात. फ्लेअर (शंकूसारख्या तोंडाच्या) किंवा ओ-रिंगच्या जोडावर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे आटे तेल अडवत नाहीत, टेपचे तुकडे मात्र व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

जरा मोठ्या बोअरचा बसवला तर ताकद वाढेल ना?

वाढेल, आणि तोच प्रश्न आहे. ५० मिमी बोअरचा सिलिंडर १४० बार दाबाला सुमारे २८०० किलो ढकलतो. ६३ मिमीचा त्याच दाबाला सुमारे ४४०० किलो. जुन्या ट्रॅक्टरची फ्रेम, पुढचा अ‍ॅक्सल आणि आर्मची वेल्डिंग पहिल्या आकड्यासाठी बनवलेली आहेत. शिवाय तेवढ्याच पंपावर हालचाल मंद होते. मूळ मापावरच राहा.

एकाच बाजूचा गळतोय. दोन्ही करू का?

लोडरचे दोन्ही सिलिंडर सारखंच राबलेले असतात. तेल सांडलंय, अवजारं बाहेर आहेत, मापं हातात आहेत, तर दुसराही उघडून सील बदला.

गळती थांबवणारं औषध तेलात टाकलं तर?

नका टाकू. ते सील फुगवून काही दिवस गळती दाबतं. फाटलेलं सील त्याने सांधत नाही, आणि चांगली सीलंही मऊ पडतात. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, म्हणजे ते औषध ब्रेकच्या आणि क्लचच्या प्लेटपर्यंतही पोचतं.

बसवून झाल्यावर लगेच काम सुरू करावं का?

आधी हवा काढा. इंजिन मंद ठेवून, भार न लावता, सिलिंडर पाच-सहा वेळा हळूहळू आत-बाहेर करा. सुरुवातीला टोकाला आदळू देऊ नका. आत अडकलेली हवा एकदम दाबली गेली तर इतकी तापते की सीलची कड जळते. मग सगळे सिलिंडर आत घेऊन तेलाची पातळी बघा. रॉड बाहेर असताना टाकी भरली, तर ते आत आल्यावर तेल वर येऊन सांडतं. जुन्या सीलचे तुकडे सिस्टिममध्ये गेले असतील तर फिल्टरही बदला. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, ते पूर्ण बदलावं लागेल.

दरवर्षी त्याच सिलिंडरचं सील जातं. का?

कारण दोष सीलमध्ये नाही. पिन आणि बुश धरून हलवून बघा. ती सैल झाली की सिलिंडर सरळ रेषेत ढकलत नाही, रॉड ग्लँडवर तिरका दाब देतो आणि ग्लँडमधली गाइड रिंग (रॉडला सरळ धरणारी) एका बाजूने झिजते. मग कितीही भारी सील घाला, त्याला एकीकडे फट आणि दुसरीकडे चेंगराचेंगरी. जुन्या सीलची झीज गोलाईत सारखी आहे की एकाच बाजूला, हे टाकण्याआधी बघा. एकाच बाजूला असेल तर नव्या किटसोबत पिन आणि बुशही बदला, त्यांना ग्रीस देत राहा, आणि ट्रॅक्टर उभा करताना शक्य तितके रॉड आत घेऊन ठेवा, म्हणजे पाऊस आणि धूळ क्रोमवर बसणार नाही.